पान दर अर्ध्या तासाला स्वतःला दुरुस्त करतं

गेल्या अंकात उन्हातल्या ऊर्जेपासून इंधन कसं करतात, यावर मी दोन पानं लिहिली होती. ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : उन्हाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडायचा, हायड्रोजन बाजूला काढायचा, आणि हवं तर त्याला कार्बन डायऑक्साइडची जोड देऊन मिथेनॉल किंवा केरोसीन तयार करायचं. माझी बावीस वर्षं प्रयोगशाळेत याच कामात गेली. त्यामुळे तुमची पत्रं वाचताना फार बरं वाटलं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : सौर पॅनेलमधून सरळ वीज मिळते, ती बॅटरीत साठवताही येते. मग उन्हापासून इंधन करायचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

जिथे वीज सरळ वापरता येते तिथे ती सरळच वापरावी. दिवा, पंखा, पंप, छोटी मोटार यांच्यासाठी आधी हायड्रोजन करायचा, तो दाबून टाकीत भरायचा आणि मग त्याची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. आयुष्यभर हायड्रोजनवर काम करूनही मी हेच सांगेन.

पण विमानाचं घ्या. एक किलो विमान-इंधनात साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव किलोवॉट-तासाच्या आसपास. इंजिनापेक्षा विजेची मोटर काटकसरी असते, तेव्हा प्रत्यक्षातला फरक याहून कमी भरतो. तरीही महासागर ओलांडणारं विमान बॅटरीवर नेणं अवघडच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हायड्रोजन नुसतं जळण नाही, तो कच्चा मालही आहे. खतासाठी लागणारा अमोनिया त्याच्यावाचून होत नाही, आणि आज हा हायड्रोजन बहुतेक करून नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढला जातो. खनिजातून लोखंड काढायलाही कोळशाऐवजी हायड्रोजन चालतो. तिथे बॅटरीचा उपयोग नाही.

प्रश्न : मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. पुस्तकात लिहिलं आहे की पाण्याचं विघटन करायला १.२३ व्होल्ट पुरतात. मी १.५ व्होल्टचा एक सेल लावून पाहिला. बुडबुडे जवळजवळ आलेच नाहीत. दोन सेल लावल्यावर आले. पुस्तक चुकलं की मी?

दोघंही चुकला नाहीत. तू स्वतः सेल लावून पाहिलास याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

१.२३ व्होल्ट ही घाटाच्या दोन्ही टोकांच्या उंचीतली तफावत आहे. पण मध्ये खिंड आहे, आणि ती या उंचीच्याही वर आहे. ती ओलांडायला जो जास्तीचा दाब लागतो त्याला अतिविभव म्हणतात. म्हणून प्रत्यक्षात दीड व्होल्टच्या वर, बरेचदा पावणेदोन-दोन व्होल्ट द्यावे लागतात.

आता ही खिंड नेमकी कुठे आहे ते बघ. ऋणाग्रावर, म्हणजे सेलच्या ऋण बाजूला जोडलेल्या टोकावर, हायड्रोजन सुटतो. तिथलं काम सोपं आहे : दोन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, झाला एक रेणू. अडचण धनाग्रावर, म्हणजे धन बाजूच्या टोकावर, आहे. ऑक्सिजनचा एक रेणू करायला पाण्याचे दोन रेणू धरून ठेवावे लागतात, त्यांच्यातून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढून घ्यावे लागतात, आणि दोन ऑक्सिजन अणूंची एकमेकांशी गाठ मारून द्यावी लागते. चार पायऱ्या, आणि त्यातली एखादी जरी चढायला कठीण असली तरी सगळं काम तिथे तुंबतं. लोक हायड्रोजनचं नाव घेतात. आम्ही प्रयोगशाळेत मात्र निम्म्याहून जास्त वेळ ऑक्सिजनच्या बाजूला घालवतो.

झाडाला हीच अडचण कोट्यवधी वर्षांपूर्वी पडली होती. पियरे जोलिओ यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या हरितकणांवर (पानातले ऊन टिपणारे सूक्ष्म हिरवे कण) प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत एकामागून एक टाकले आणि प्रत्येक झोताला किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. पहिल्या झोताला काहीच नाही. तिसऱ्याला सर्वांत जास्त. मग सातव्याला, मग अकराव्याला. दर चौथ्या झोताला! पुढच्याच वर्षी बेसेल कॉक यांनी त्याचा अर्थ लावला : हरितकणात एक अशी जागा आहे जी प्रकाशाचा एकेक कण घेऊन एकेक इलेक्ट्रॉन बाजूला काढते, चार जमेपर्यंत थांबते, आणि मगच ऑक्सिजन सोडते. ही जागा म्हणजे चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक वाकडातिकडा ठोकळा. त्याची अणू न् अणू दिसेल अशी रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये मांडली. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. अगदी साधी मूलद्रव्यं! प्लॅटिनम नाही, इरिडियम नाही.

तुला आणखी करून बघायचं असेल तर दोन्ही बाजूंनी तासलेल्या दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घे. मीठ घालू नकोस, त्यातून क्लोरीन सुटतो आणि तो विषारी आहे. खिडकी उघडी ठेव, वायू बंद बाटलीत साठवू नकोस, जवळ ज्योत नको. ऋणाग्रावर दुप्पट बुडबुडे दिसतील. पण तासाभराने दुसऱ्या पेन्सिलीकडे बघ. धनाग्राची पेन्सिल झिजलेली असेल आणि पाण्यात काळी पूड उतरलेली असेल. जी बाजू ऑक्सिजन करते तीच स्वतः खाल्ली जाते. पुढच्या उत्तरात याचीच गोष्ट आहे, तेव्हा ते पेन्सिलीचं टोक लक्षात ठेव.

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी 'कृत्रिम पान' तयार झाल्याची बातमी वाचली होती. पाण्यात बुडवा, उन्हात ठेवा, इंधन मिळेल, असं त्यात होतं. मी वर्गात मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. आता मुलं विचारतात, पुढे काय झालं? काय सांगू?

बाई, मुलांना खरं तेच सांगा : पान तयार झालं होतं, ते टिकलं नाही.

थोडं मागून सांगते. १९६७ मध्ये तोक्यो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा नावाचा विद्यार्थी केनइची होंडा यांच्या हाताखाली काम करत होता. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्याने त्यावर प्रकाश टाकला आणि स्फटिकावरून बुडबुडे यायला लागले. प्रकाश बंद केला की बुडबुडे बंद. १९७२ मध्ये हे काम 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं आणि आमच्या विषयाचा जन्म झाला. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात तीच भुकटी. ती पाण्यात वर्षानुवर्षं राहिली तरी विरत नाही. पण पांढरी आहे याचाच अर्थ ती डोळ्यांना दिसणारा प्रकाश परतवून लावते. ती फक्त अतिनील किरण शोषते, आणि ऊन शंभर भाग धरलं तर अतिनील त्यात जेमतेम चार-पाच भाग.

मग आमच्यासारखे शेकडो लोक रंगीत पदार्थांच्या मागे लागले. काळे, लाल, पिवळे, म्हणजे दिसणारा प्रकाश खाणारे. आणि तिथे एक क्रूर नियम आडवा आला : जो पदार्थ ऊन चांगलं शोषतो तो बहुधा पाण्यात टिकत नाही, आणि जो टिकतो तो ऊन शोषत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ऑस्कर खासेलेव्ह आणि जॉन टर्नर यांनी गॅलियमच्या संयुगांचे थर रचून १२.४ टक्के ऊन हायड्रोजनमध्ये उतरवलं. आम्ही त्यांचा शोधनिबंध एकमेकांना वाचून दाखवला होता. पण वीस तासांच्या चाचणीतच त्याचा विद्युतप्रवाह उतरायला लागला होता.

माझा स्वतःचा पदार्थ होता बिस्मथ व्हॅनाडेट. सुरेख पिवळा, हळदीसारखा. क्षारांचं द्रावण करायचं, वीज वाहणाऱ्या काचेवर त्याचा पातळ थर फिरवून पसरायचा, भट्टीत सुमारे साडेचारशे अंशांवर भाजायचा. काच बाहेर काढली की खिडकीशी धरून बघायची मला सवय होती. दिव्याखाली ठेवली की सकाळी प्रवाह झकास यायचा. एका काचेचा आकडा इतका चांगला आला की दुपारी आम्ही तो अहवालात लिहून पाठवूनही दिला. संध्याकाळी दिवा बंद करायला गेले तर प्रवाह निम्म्यावर आलेला, आणि काचेच्या मधोमध, जिथे उजेड पडत होता तिथे, पिवळेपणा फिका झालेला. व्हॅनाडियम हळूहळू द्रावणात विरघळून जात होतं. पेन्सिलीचं टोक! ऊन शोषणाऱ्या थरात जी शक्ती तयार होते ती पाण्याच्या इलेक्ट्रॉनवर खर्च होण्याऐवजी थराच्याच अंगावर उलटते. त्या रात्री मी वहीत दोन आकडे लिहिले, सकाळचा आणि संध्याकाळचा. अहवालात एकच गेला होता. तेव्हापासून मी कुठलाही निबंध हातात घेतला की आधी टक्के बघत नाही, किती तास चालवलं ते बघते. बातम्यांमध्ये हा दुसरा आकडा क्वचितच असतो.

तुम्ही वाचलेलं पान बहुधा डॅनियल नोसेरा यांचं, २०११ मधलं. सिलिकॉनची एक चकती, एका अंगाला कोबाल्टचा उत्प्रेरक, दुसऱ्या अंगाला निकेलचा मिश्रधातू, मध्ये तार नाही. पाण्यात टाकली आणि ऊन पडलं की दोन्ही बाजूंनी बुडबुडे. तारेशिवाय त्याची कार्यक्षमता अडीच टक्के होती. लोकांचं लक्ष त्या अडीच टक्क्यांवर गेलं. मला मात्र त्यातला कोबाल्टचा थर फार मोलाचा वाटतो. फॉस्फेट असलेल्या पाण्यात तो थोडा विरघळतो आणि वीज चालू असेपर्यंत पुन्हा जागच्या जागी बसतो. म्हणजे स्वतःला सांधतो.

कारण खरं पान तरी वेगळं काय करतं? ज्या प्रथिनाच्या कुशीत तो मँगनीजचा ठोकळा बसलेला असतो, ते प्रथिन कडक उन्हात साधारण अर्ध्या तासात निकामी होतं. अर्धा तास! माझी काच निदान संध्याकाळपर्यंत तरी टिकायची. पण पान ते मोडकं प्रथिन उपसून काढतं, नवं बनवून तिथे बसवतं, आणि दिवसभर हेच करत राहतं. निसर्गाने न मोडणारा पदार्थ शोधलाच नाही, त्याने दुरुस्ती शोधली. हे मला कामाला लागल्यावर पंधरा वर्षांनी नीट कळलं. मुलांना तुम्ही आत्ताच सांगा.

दरम्यान एक सरळ वाट आहे आणि ती चालू आहे. पॅनेल कोरडं ठेवायचं, त्याची वीज तारेने बाहेर आणायची आणि पाणी वेगळ्या पेटीत फोडायचं. २०१६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटाने या रीतीने, उन्हाचा झोत एकवटून, ४८ तास सरासरी ३० टक्के कार्यक्षमता मिळवली. साधं पॅनेल विसेक टक्के आणि पेटी साठ-सत्तर टक्के धरली तरी बारा-चौदा टक्के पदरात पडतात, आणि दोन्ही यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. आज कुणाला हायड्रोजन हवा असेल तर मी हीच वाट सांगेन, पाण्यात बुडवायचं पान नव्हे.

प्रश्न : घरच्या घरी पाण्यातून हायड्रोजन काढून शेगडी पेटवता येईल का? अशी उपकरणं विकणारे लोक आहेत.

नको. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो, आणि त्याला ठिणगीही अगदी बारीक पुरते. घरगुती उपकरणात बहुधा हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात, आणि ते मिश्रण सर्वांत धोक्याचं. जपानमध्ये काझुनारी दोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचं पाणी फोडणारं पॅनेल उघड्यावर उभारलं. त्यातून असं मिश्रण निघतं, म्हणून त्यांनी वायू वेगळे करायचा पडदा बसवला, आणि पॅनेल सुरक्षित आहे का हे तपासायला वायू मुद्दाम पेटवूनही पाहिला. इतकी खबरदारी घरात कुणी घेऊ शकत नाही. त्या पॅनेलची जास्तीत जास्त कार्यक्षमता ०.७६ टक्के होती, हेही सांगून ठेवते. पण ते काही महिने चाललं. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : 'हवा आणि ऊन यांच्यापासून केरोसीन' हे वाक्य तुमच्या लेखात वाचलं. पटलं नाही. हवेत केरोसीन कुठून आलं?

हवेत केरोसीन नाही, पण केरोसीन जळल्यावर जे उरतं ते आहे : कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. त्यांना उलट्या दिशेने चालवायचं. जाळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी, आणि वर थोडी जास्त, परत घालायची.

झुरिकमध्ये आल्डो स्टाइनफेल्ड यांच्या गटाने हे इमारतीच्या छतावर करून दाखवलं. वाटीसारख्या आरशाने ऊन एका बिंदूवर आणतात. तिथे सेरियम ऑक्साइडचा सच्छिद्र ठोकळा असतो. तो दीड हजार अंशांपर्यंत तापला की आपला थोडा ऑक्सिजन सोडतो. मग त्याला जरा थंड होऊ देतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडतात. भुकेलेला ठोकळा त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि मागे उरतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. या दोघांपासून मिथेनॉल किंवा केरोसीन करायची रीत शंभर वर्षं जुनी आहे. ठोकळा पुन्हा पहिल्यासारखा होतो, पुन्हा तापवायचा. यात पाण्यात बुडवलेला नाजूक थर नाही, म्हणून मला ही रीत आवडते. तिचे कष्ट वेगळे आहेत : वारंवार तापून थंड होणारा ठोकळा तडकतो.

प्रमाण मात्र ध्यानात घ्या. त्या छतावर एका दिवसाच्या सात तासांत ३२ मिलिलीटर मिथेनॉल झालं. पुढे माद्रिदजवळ मोस्तोलेस इथे १६९ आरसे लावून हेच मनोऱ्यावर केलं, तिथे कार्यक्षमता ४.१ टक्के आली. आणि हवेतून कार्बन गोळा करणं हे तर स्वतंत्र दिव्य. माझा साधा हिशेब सांगते. एक लीटर केरोसीन जळलं की अडीच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. घनमीटरभर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या जरा वर असतो. म्हणजे एक लीटर परत मिळवायला निदान सव्वातीन हजार घनमीटर हवा गाळून काढायची. होण्यासारखं आहे, पण सोपं नाही. जिथे दुसरा इलाज नाही अशा ठिकाणांसाठी, म्हणजे विमानांसाठी, ते राखून ठेवावं असं मला वाटतं.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा झाडंच लावावीत आणि त्यांचं इंधन करावं, हे बरं नाही का?

झाडं लावाच, पण जाळण्यासाठी नको. पिकाने घेतलेल्या उन्हातलं वर्षाच्या हिशेबाने एक टक्काही बहुधा त्याच्या पाना-खोडा-दाण्यांत साठत नाही. तत्त्वतः कमाल मर्यादा चार ते सहा टक्के आहे. त्यातून मद्यार्क किंवा तेल काढताना आणखी गळती. शिवाय त्याला सुपीक जमीन, पाणी, खत लागतं, आणि ती जमीन अन्नासाठी हवी असते. पॅनेल खडकाळ माळावरही उभं राहतं. झाडाचं उद्दिष्ट आपल्याला जळण पुरवणं हे नाहीच. त्याला जगायचं असतं, वाढायचं असतं. म्हणून त्याच्या एक टक्क्याला कमी लेखू नये. त्याच्याकडून घेण्यासारखी आहे ती रीत.

प्रश्न : हे सगळं प्रत्यक्षात यायला किती वर्षं लागतील?

१९१२ मध्ये इटलीतले रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी न्यूयॉर्कमध्ये व्याख्यान देऊन सांगितलं होतं की, कोळसा म्हणजे साठवलेलं जुनं ऊन आहे, तो कधीतरी संपेल, तेव्हा आजचंच ऊन थेट वापरायला शिकायला हवं. ओसाड प्रदेशात काचेच्या नळ्यांची अरण्यं आणि धुराडी नसलेले कारखाने त्यांनी डोळ्यांसमोर उभे केले होते. बोलोन्यात ते प्रयोगशाळेच्या गच्चीवर काचेच्या बाटल्या उन्हात मांडून ठेवत. त्याला आता शंभरहून जास्त वर्षं झाली. म्हणून मी वर्षं सांगत नाही. पॅनेल आणि पेटी ही जोडी आजच चालू आहे. बाकीच्या वाटांबद्दल बातमी आली की तुम्ही तास विचारा : हे यंत्र उन्हात किती तास चाललं?

प्रश्न : पाणी फोडून निघालेल्या ऑक्सिजनचं काय करतात? आणि अशाने पाणी कमी नाही का होणार?

बहुतेक ठिकाणी ऑक्सिजन हवेत सोडून देतात. नऊ किलो पाण्यातून एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो ऑक्सिजन निघतो. पुढे तो हायड्रोजन कुठेही जळाला की हवेतला तेवढाच आठ किलो ऑक्सिजन घेतो आणि नऊ किलो पाणी परत देतो. पृथ्वीच्या खात्यावर काही कमी होत नाही. मात्र पाणी जिथून घेतलं तिथे ते परत येत नाही, वाफ होऊन भलतीकडे जातं. आणि यंत्राला अगदी शुद्ध पाणी लागतं. समुद्राचं पाणी तसंच घातलं तर धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन सुटू लागतो, म्हणून आधी त्यातलं मीठ काढावं लागतं. ऊन भरपूर आणि पाणी कमी अशा प्रदेशात यंत्र उभारताना हा नऊ किलोंचा हिशेब सगळ्यात आधी मांडावा.